काय घेऊन जा म्हणू

सकाळी सहाला मसाला भाजायला घेतो.
धने, खसखस, दगडफूल, सुकं खोबरं, शेवटी मिरची.
ठसका उठला की पोऱ्या बाहेर पळतो, मी नाही.
रस्सा उकळला की डावाच्या टोकानं चाखतो,
जिभेवर फिरवतो
आणि मोरीत थुंकतो.
मीठ बरोबर आहे.

एकोणीस महिने झाले,
मी आमच्याच खानावळीत जेवलो नाही.
वरण-भात. दुधी. पुन्हा वरण-भात.

गोळीबार चौकात सगळ्यांना ठाऊक आहे मला काय झालं.
"सावजी खाऊन खाऊन आतडी जळली बाप्पा याची."
गोंदियाचे साडभाऊ म्हणतात, तूप पी.
शेजारचा निमजे म्हणतो, "टेन्शन घेऊन राहिला तू."
कुणाला ठाऊक नाही ते एवढंच :
दिवसाला चौदा वेळा.
गिऱ्हाईक पैसे मोजत असतं आणि मी गल्ला उघडा टाकून
मागच्या कडीकडे धावतो.
पहिल्यांदा लाल दिसलं तेव्हा वाटलं, कालचं बीट असेल.
बीट मी खाल्लंच नव्हतं.

धंतोलीत डॉक्टर गोतमारेंच्या पडद्यावर
मी माझं आतडं पाहिलं.
शिरल्या शिरल्याच लाल, खरवडलेलं, जागोजागी फोड,
आणि वर, एका रेषेपाशी,
काही घडलंच नाही अशी गुलाबी ओली भिंत.
खालचा रंग मी ओळखला. तर्री.
"मिरचीच ना?"
"मिरचीनं त्रास वाढेल, पण आग तिनं नाही लावली.
ही तुमचीच माणसं आहेत, होमेश्वरभाऊ."

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं :
आत कोट्यवधी जिवाणू, बाळपणापासूनचे भाडेकरू,
भाडं वेळेवर देणारे.
त्यांना आणि आपल्याला वेगळं ठेवणारी एक पातळ भिंत.
आणि भिंतीमागे राखण करणाऱ्या पेशी,
ज्यांना एका दिवशी शेजारी ओळखू येईनासे झाले.
का?
डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.
थोडं रक्तात असेल, थोडं बाहेरचं.
नक्की कुणालाच सापडलं नाही अजून.

बाकीचं मला चुलीपाशी कळलं.
सूज म्हणजे काही वैरी नाही.
बोट कापलं की तीच येते,
लाल होते, गरम होते, काम करते, निघून जाते.
आचेशिवाय कोणता रस्सा शिजला?
फक्त उकळी आली की कुणीतरी
बटण खाली फिरवायचं असतं.
माझं बटण नुसतंच गोल फिरतं.
पातेलं करपलं तरी
खाली निळी ज्योत तशीच, प्रामाणिक.

गोळ्यांनी ती ज्योत दाबून धरली आहे.
स्टेरॉइडनं चेहरा पुरीसारखा फुगला,
गिऱ्हाईक म्हणतात, तब्येत सुधारली हो!
आता चौदाचे चार झाले.
पण राखणदारही पेंगतात त्या गोळ्यांनी,
म्हणून साध्या सर्दीला भ्यायचं,
गर्दीत जायचं नाही.

म्हणून यंदा माडीवरून पाहिली मारबत.
तान्ह्या पोळ्याचा दिवस, इतवारीकडून ढोल,
पिवळी पुढे, काळी मागे,
आणि खाली अख्खा रस्ता ओरडतोय,
रोगराई घेऊन जा गे मारबत!
पोऱ्यानं खालून हात केला,
"भाऊ, तुम्ही बी म्हणा ना!"

तोंड उघडलं.
काय घेऊन जा म्हणू?
रोग म्हटला तर तो माझ्याच राखणीतून उठलेला.
राखणच घेऊन जा म्हटलं,
तर उद्या दारात खरा चोर आला की?
तिला म्हणावं का, बाई, जाळू नकोस काही,
एवढ्या लोकांना शेजाऱ्याचं तोंड
ओळखायला शिकवता येत असेल तर बघ?
एवढं लांबलचक ढोलात कोण ऐकणार.

मिरवणूक वळली.
आता सगळे भुकेले होऊन येतील.
मी खाली उतरलो, आच कमी केली,
डावाच्या टोकानं चाखलं.
मीठ किंचित कमी.
थुंकण्याआधी, आज,
जरा जास्त वेळ तोंडात धरलं.